त्याला माझी माया कळते का हो?

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांचे आईवडील आधी शाळेचं विचारतात, बोलण्याचं विचारतात. खरा प्रश्न येतो उठता उठता, दाराशी: "पण त्याला आमची माया कळते का हो?" कितीदा ऐकला असेल!

सात वर्षांच्या एका मुलाची आई तर दुसऱ्याच भेटीत म्हणाली, "मॅडम, हा माझ्याकडे बघतसुद्धा नाही. नुसती पोपटपंची. दिवसभर एकच, 'झालं झालं, संपलं आता.' कशाचा कशाला संबंध नाही."

"हे वाक्य मुळात कुणाचं?"

"असेल कुठेतरी ऐकलेलं."

मी म्हटलं, त्याला अडवू नका. तो ते म्हणाला, की आधी काय घडलं तेवढं वहीत लिहा.

तीन आठवड्यांनी वही आली. मिक्सर लावला. वीज गेली. केस कापायला नेलं. वाचता वाचता तीच थबकली. "अहो, हे तर माझंच! तीन वर्षांचा होता, इंजेक्शन देताना छातीशी धरून मीच म्हणत होते." आणि तिला रडू फुटलं.

मुलगा आमच्याकडे पाठ करून खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत होता. मान न वळवता, अगदी तिच्याच हेलात म्हणाला, "झालं झालं, संपलं आता." चाक फिरतच होतं.

मी गप्प राहिले. पूर्वी अशा वेळी समजावून सांगायची खुमखुमी आवरायची नाही. त्या दिवशी आवरली, याचं आजही बरं वाटतं.

१९४३ साली अशा मुलांचं वर्णन करणाऱ्या बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४६ च्या लेखात दाखवलं होतं, की या असंबद्ध वाटणाऱ्या वाक्यांचा उगम मुलाच्या एखाद्या जुन्या अनुभवात सापडतो. (पुढे आयांच्याच माथी दोष मारण्याची लाट आली, ती मात्र निखालस चुकीची ठरली.) माझा कलही त्या लेखासारखाच. वागणं बदलायला निघण्याआधी ते वाचावं.

म्हणून हनुवटी धरून तोंड वळवू नका. डोळ्यांत बघावं लागलं, की ऐकणंच अवघड होतं, असं कितीतरी स्वमग्न प्रौढ सांगतात. वाक्य आलं, की त्यामागच्या भीतीला उत्तर द्या: "आवाज मोठा आहे ना? बंद करते." प्रत्येक वाक्यामागे गोष्ट असेलच असं नाही. काही नुसती मनाला बरी वाटतात, ती तशीच असू द्यावीत.

आता मिक्सर लावण्याआधी ती त्याला सांगते. तो कान झाकून आतल्या खोलीत जातो. बघत अजूनही नाही. मागच्या खेपेला ती दाराशी थांबली, तेव्हा मी त्याच प्रश्नाची वाट पाहत होते. तिने पुढच्या भेटीची वेळ विचारली.