सत्र न्यायालयात खटला चालवणाऱ्या वकिलाचा अनुभव कसा पारखावा?

तुम्ही लिहिलंय की भावावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०७ चा (खुनाचा प्रयत्न) खटला सत्र न्यायालयात सुरू होणार आहे, आणि नातेवाइकांनी सुचवलेल्या वकिलांच्या वेबसाइटवर फौजदारी, दिवाणी, कौटुंबिक, चेक बाउन्स, मोटार अपघात असं सगळंच आहे, वर 'वीस वर्षांचा अनुभव'. यावरून काय समजायचं? मी स्वतः फौजदारी बाजूलाच काम करतो, तेव्हा उत्तर थोडं एकांगी वाटेल: फारसं काही समजत नाही. या वकिलांनी अशा खटल्यांत साक्षीदारांचे उलटतपास स्वतः घेतलेत का, एवढंच शोधा.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. दारावरच्या पाटीवर 'अमुक कामातले तज्ज्ञ' असंही लिहायचं नसतं. २००८ साली थोडी सूट मिळाली आणि वेबसाइटवर नाव, पत्ता, सनदीचा तपशील, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं देता येऊ लागली. पण क्षेत्र लिहिण्यासाठी वेगळी परीक्षा नाही की वेगळी सनद नाही. वर्षं मात्र ताडून पाहता येतात, कारण महाराष्ट्रातल्या सनद क्रमांकाच्या शेवटी वर्ष असतं. तरी नुसते जामीनअर्ज आणि तडजोडी करूनही वीस वर्षं भरतातच. (जामिनाचं काम हलकं नाही, पण ते वेगळं काम आहे.)

एकाच 'फौजदारी' शब्दाखालीही कामं वेगवेगळी असतात. चेक बाउन्सच्या खटल्यात चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३९ चं गृहीतक आरोपीविरुद्ध असतं, ते त्याला खोडावं लागतं, आणि सगळी लढाई हिशेब, खातेउतारे, नोटीस यांच्यावर होते. म्हणजे वळण जवळजवळ दिवाणीच. ३०७ मध्ये सरकार पक्षाने वाजवी शंकेपलीकडे गुन्हा शाबीत करायचा असतो, आणि बचावाचं बरंचसं काम जखमी, प्रत्यक्षदर्शी, पंच, डॉक्टर आणि तपासी अंमलदार यांच्या उलटतपासात असतं.

तिथली एक गोष्ट सांगतो, कारण अनुभवी आणि नवखा वकील इथेच वेगळे दिसतात. पोलिसांनी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खाली (तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत १८०) घेतलेला जबाब हा स्वतः पुरावा नसतो. समजा, साक्षीदार कोर्टात म्हणाला, 'मी आरोपीच्या हातात कोयता पाहिला', आणि पोलीस जबाबात कोयत्याचा उल्लेखच नाही. हे आधी साक्षीदाराच्या तोंडून काढावं लागतं, आणि मग जबाब नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यालाही विचारावं लागतं की साक्षीदाराने तुम्हाला असं सांगितलं होतं का. दुसरी पायरी राहिली तर ते 'ओमिशन' (जबाबात नसलेली गोष्ट कोर्टात सांगणं) शाबीत होत नाही, आणि युक्तिवादात कितीही ओरडलं तरी उपयोग नसतो. तसंच आपल्या बचावाची बाजू साक्षीदारापुढे मांडावी लागते. नोंदीत 'हे म्हणणे खरे नाही की...' अशी वाक्यं दिसतात ती त्याचीच. म्हणून पहिल्या भेटीत त्यांनी दोषारोपपत्राची पूर्ण प्रत मागितली का, ते बघा. कागद न वाचता 'सुटतील, काळजी नको' म्हणणाऱ्यांना मी तरी भावाचं काम देणार नाही.

आता शोधायचं कसं? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून वकिलाच्या नावाने किंवा सनद क्रमांकाने प्रकरणं शोधता येतात. निकाली निघालेले सत्र खटले उघडा आणि दोन-तीन निकालपत्रं वाचा. निर्दोष सुटका किती झाल्या हे मोजत बसू नका. साक्षीदार फितूर झाले की कुणाचाही आरोपी सुटतो. न्यायाधीशांनी 'उलटतपासात असे आले आहे की...' म्हणत साक्ष नाकारलीय का, ते पाहा. शिक्षा झालेल्या खटल्याच्या निकालातही चांगल्या उलटतपासाच्या खुणा दिसतात.

मग त्यांना तोंडावर विचारा: उलटतपास तुम्ही घेणार की ज्युनिअर? उच्च न्यायालयातही रोज जाणारे वकील साक्षीच्या दिवशी मिळतीलच असं नाही, आणि वकील दुसऱ्या कोर्टात आहेत हे तारीख मागण्याचं कारण होऊ शकत नाही, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ मध्येच आहे. जुन्या संहितेच्या कलम ३०९ मध्येही होतं. १ जुलै २०२४ ला चालू असलेले खटले जुन्या कायद्यानेच चालतात, त्यामुळे तुमच्या खटल्याला कोणता लागू आहे हेही विचारून घ्या. उत्तर देताना ते गुन्ह्याची आणि तपासाची तारीख विचारतात का, तेवढं लक्षात ठेवा.

फीबद्दल थोडक्यात: ती टप्प्यांनुसार लेखी ठरवा, उलटतपास आणि अंतिम युक्तिवाद त्यात धरलेत का ते बघा. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला नियमानेच मनाई आहे, त्यामुळे 'सुटले तरच पैसे द्या' म्हणणाऱ्यांचा विचार करू नका. वकील पुढे बदलता येतो, पण आधीच्या वकिलांची हरकत नसल्याची सही किंवा कोर्टाची परवानगी घ्यावी लागते आणि यात एखादी साक्षीची तारीख जाऊ शकते. वकीलपत्रावर सही करण्याआधीच हे सगळं विचारून घ्या.