मेकॅनिकल इंजिनिअरिंग घेतलंय, आता काय?

अरे घाबरू नकोस, ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) आली म्हणून मेकॅनिकल संपत नाही, बॅटरी थंड कशी ठेवायची हा शेवटी हीट ट्रान्सफरचाच, म्हणजे मेकॅनिकलचाच प्रश्न आहे ना. सुरुवातीला दोनच गोष्टी धर.

१) ड्रॉइंग वाचायला शीक, टॉलरन्ससकट (माप किती कमी-जास्त चालेल ते). २५ मिमीच्या एच७ भोकात जी६ शाफ्ट बसवला (एच७, जी६ हे टॉलरन्सचे ठरलेले कोड) तर फट कमीत कमी ७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), जास्तीत जास्त ४१. व्हर्नियरने हे पकडता येत नाही, शाफ्टला मायक्रोमीटरच लावायचा.
२) थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा).

नवी पोरं चुकतात कुठे, तर कॅडची (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरची) चार सर्टिफिकेटं गोळा करतात आणि आतले कोपरे असे धारदार काढतात की मिलिंगचा गोल कटर तिथे जाणारच नाही (मीही काढलेत, मशिनिस्ट नुसता हसला होता). एफईए-बिफईए (कॉम्प्युटरवर भागातला ताण काढणं) सध्या राहू दे, आधी फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एखाद्या वस्तूवर कुठली बलं लागतात त्याचं चित्र, हाताने काढ.