सहावीत पहिली यायची, आठवीत मागे का पडली?

"मॅडम, हिच्यात टॅलेंट होतं. मग गेलं कुठे?" सातारा जिल्ह्यातल्या एका वडिलांचा हा प्रश्न. वेगवेगळ्या शब्दांत तो माझ्याकडे सारखा येतो. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. सहावीत असताना शंभर मीटरमध्ये तालुक्यात पहिली आलेली, आता शाळेच्या संघात जेमतेम. वडिलांनी एक वही पुढे केली. दर रविवारची वेळ त्यात लिहिलेली, ज्या आठवड्यात ती घसरली ते आकडे लाल पेनाने. सहावीत १५.१ सेकंद, आता १४.९. ते बोलत होते तोवर मुलगी बुटाची लेस सोडत होती, पुन्हा बांधत होती.

वहीत उंची कुठेच नव्हती. मी शाळेच्या आरोग्य तपासणीचं कार्ड मागवलं. पाचवी ते सहावी या एका वर्षात ती नऊ सेंटीमीटर वाढली होती, गेल्या वर्षभरात फक्त दोन. आईशी बोलल्यावर कळलं, पाळीही अकराव्या वर्षीच सुरू झालेली.

म्हणजे सहावीत ती पळाली ती बरोबरीच्या मुलींपेक्षा लांब पायांनी आणि जास्त ताकदीने. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. पण एकाच वर्गातल्या दोन मुलींमध्ये दोन-तीन वर्षांचं अंतर सहज पडतं. आता बाकीच्या मुली वाढल्या आणि तिच्या पुढे गेल्या. शिवाय वयात आल्यावर कमरेची ठेवण बदलते, वजन वाढतं, वेळ काही काळ अडून राहते. हा आळस नाही, हे वडिलांना मी दोनदा सांगितलं.

मग टॅलेंट ओळखायचं कशावरून? मला वाटतं, अकराव्या वर्षीच्या पदकावरून तर नाहीच. घरच्यांच्या परवानगीने मी तिच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "लांब उडीचा रनअप एकदा दाखवला की पोरगी उचलते. पाय मार्कवर पडला नाही तर स्वतःच मागे जाऊन पावलं मोजते." मला हे त्या वहीपेक्षा मोलाचं वाटलं. एकटी बसल्यावर ती मला म्हणाली, "मला पळायला आवडतं. रविवार नाही आवडत."

वडिलांना भीती होती की आता उशीर झाला. त्यांना मी त्यांच्याच जिल्ह्यातलं उदाहरण दिलं. माण तालुक्यातल्या ललिता बाबर आधी मॅरेथॉन पळायच्या. स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, त्या पंचविशीत वळल्या आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या. बीडचे अविनाश साबळे स्टीपलचेसकडे वळले ते सैन्यात गेल्यावर. आपली मुलगी तिथवर जाईल का, हे तेराव्या वर्षी कुणालाच सांगता येणार नाही, तेही मी स्पष्ट बोलले.

रविवारची वेळ घेणं बंद झालं. दर तीन महिन्यांनी उंची-वजन लिहायचं ठरलं. गुडघा दुखतो हे तिने घरी लपवलं होतं, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांच्या सल्ल्याने सरांनी संध्याकाळचा सराव आठवड्यातून तीन दिवसांवर आणला. दुखणं थांबल्यावर लांब उडी सुरू झाली. यंदा जिल्ह्याला ती पहिल्याच फेरीत बाद झाली. वडील मैदानावर होते, आणि घरी येईपर्यंत त्यांनी तिला अंतर विचारलं नाही.