क्रोममध्ये एजॅक्सने (पान पुन्हा लोड न करता सर्व्हरकडून डेटा मागवण्याची पद्धत) ताजा डेटा येतो, पण एजच्या आयई मोडमध्ये जुनाच दिसतो, असं का?

आयई मोड गेट रिक्वेस्टचं (डेटा मागवणाऱ्या विनंतीचं) जुनं उत्तर कॅशमधून (ब्राउझरने साठवलेल्या प्रतीतून) देतोय. तुमच्या कोडमध्ये चूक नसावी. तो मोड इंटरनेट एक्सप्लोरर 11 चं इंजिन वापरतो आणि सर्व्हरने मुदत सांगितली नसेल, तर तेच उत्तर पुन्हापुन्हा पुढे करतो. एजची डेव्हलपर टूल्स या मोडमध्ये चालत नाहीत, म्हणून विंडोजमधलं ‘आयईचूझर’ (IEChooser.exe) उघडून त्यातल्या नेटवर्क टॅबमध्ये पाहा: रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. खरा इलाज सर्व्हरवरच आहे, उत्तरासोबत ‘कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर’ हेडर (हे उत्तर साठवू नका, अशी ब्राउझरला सूचना) पाठवा. सर्व्हर हाताशी नसेल तर यूआरएलच्या शेवटी दरवेळी बदलणारा आकडा जोडा. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत ‘कॅश: फॉल्स’ नेमकं हेच करतं. मात्र केवळ यासाठी गेटचं पोस्ट (डेटा पाठवण्यासाठीची विनंती) करू नका. आणि हो, या इंजिनात ‘फेच’ (डेटा मागवण्याची नवी सोय) नाही, जुनी एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टच वापरावी लागेल.