कोंड्यातली हलणारी धूळ

प्रश्न : माथेरानला आमचे चार घोडे आहेत. पावसाळ्यात चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या, खोलीत कोंड्याच्या पोत्यांवर आणि भरडलेल्या हरभऱ्यावर तपकिरी धूळ साचते व ती हलताना दिसते. शेजारी टांगलेल्या खोगिरांवरही ती दिसू लागली आहे. मुलाच्या हातांना खाज सुटते, एक घोडी खोकते. गुरांच्या गोचिडांचे औषध खोलीत आणि घोड्यांवर फवारावे का?

उत्तर : कृपया फवारू नका. गोचिडांवरच्या अनेक औषधांत अमिट्राझ असते. गुरांना चालणारे हे द्रव्य घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते आणि त्यातून लीद अडकून जीवघेणी पोटदुखी होऊ शकते. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्याही तबेल्याला लागून असलेल्या खोलीत कदापि वापरू नयेत, कारण ओलाव्याने त्यांतून सुटणारा फॉस्फीन वायू माणसाला आणि घोड्याला सारखाच मारक आहे.

आपण वर्णन केलेली धूळ म्हणजे बहुधा साठवणीतले माइट, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचे, आठ पायांचे जीव. खात्री करायची असेल तर चिमूटभर धूळ काळ्या कागदावर सपाट पसरून दहा-पंधरा मिनिटे दिव्याखाली ठेवावी. माइट असतील तर गुळगुळीत केलेला थर आपोआप भेगाळतो आणि त्यावर बारीक उंचवटे उठतात. बोटांत चुरडल्यावर पुदिन्यासारखा वास आला तर शंका उरत नाही.

हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली की ते सुकून मरतात. ७० च्या वर गेली की भराभर वाढतात. दाण्याच्या कोंबाइतकीच त्यांना बुरशीही आवडते, आणि म्हणूनच ते खोगिराच्या कातड्यापर्यंत पोहोचतात. माझ्या मते आपल्याकडचे खरे दुखणे चंदी आणि सामान एकाच खोलीत ठेवण्याचे आहे, कारण घामाने भिजलेला नमदा (खोगिराखालची जाड गादी) रात्रभर जो ओलावा सोडतो तो शेजारचा कोंडा शोषून घेतो. आधी या दोन्हींच्या जागा वेगळ्या कराव्यात.

माइट लागलेली चंदी चाळून घोड्याला घालू नये. ती तबेल्यापासून दूर नेऊन नष्ट करावी. खोली रिकामी करून कोपरे, फळ्यांच्या फटी आणि पिंपाचा तळ खरवडून काढावा, फटी बुजवाव्यात, आणि झाडलेली धूळ दारापाशी ढीग करून ठेवू नये. जुन्या चुऱ्यावर नवा माल ओतण्याची सवय सर्वांत घातक आहे. पावसाळ्यात नेरळहून एका वेळी आठ-दहा दिवसांचाच माल वर आणावा, हे खर्चिक असले तरी. कोंडा आणि भरड लवकर बिघडतात, अख्खा हरभरा तुलनेने टिकतो. घट्ट झाकणाचे पत्र्याचे पिंप उत्तमच, मात्र दमट माल त्यात कोंडला तर बुरशी आतच वाढते. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेवावीत. बाहेर धुके दाटलेले असताना ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडकी उघडल्यास ओलावाच आत येतो.

खोगीर आणि लगाम आधी कोरड्या फडक्याने, मग खोगिराच्या साबणाने पुसून सावलीत वाळवावेत. चुलीजवळ ठेवल्यास कातडे तडकते आणि तेल जास्त झाल्यास बुरशीला खाद्य मिळते. नमद्याचे धुता येणारे कापड ६० अंशांच्या गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावे.

मुलाने साफसफाई करताना तोंडावर मुसके आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. खाज राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. घोडीच्या खोकल्यासाठी पशुवैद्यकांना आत्ताच बोलवावे, आणि ते येईपर्यंत तिचे गवत पाण्यात भिजवून लगेच खायला द्यावे. एखादा घोडा पाय आपटत असेल किंवा खुरांच्या वर खपल्या दिसत असतील तर तेही त्यांना सांगावे, कारण ती खरूज कातडीवर राहणाऱ्या निराळ्या माइटमुळे होते आणि एकच खरारा (अंग घासायचा ब्रश) सर्वांना वापरल्याने पसरते.