वाळूजला नोकरी आणि सातारा-देवळाईत घर: शांत कॉलनीत राहणं कसं आहे?

"400 फूट बोअर आहे, पाण्याची काळजी नको" हे बिल्डरचं वाक्य तुम्ही प्रश्नात लिहिलं नसतं, तर माझं उत्तर दोन ओळींत संपलं असतं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत जनरल शिफ्ट, घरात चार माणसं, संभाजीनगरच्या सातारा-देवळाई भागात रो-हाऊस बघताय. शांतता खरी आहे का आणि रोजचं जाणं-येणं झेपेल का, एवढंच तुम्हाला हवंय. शांतता खरी आहे आणि जाणं-येणंही झेपतं. पण ते 400 फूट सोडून देता येत नाही.

जाण्या-येण्याचं आधी उरकतो. बीड बायपासनं महानुभाव आश्रम चौक, तिथून लिंक रोडनं नगर रोड, मग वाळूज. छावणीतून जाऊ नका, नगर नाक्याला वेळ जातो. कंपनीची बस असेल तर बसच धरा आणि घर थांब्यापासून चालत दहा मिनिटांच्या आत बघा, कारण सेकंड शिफ्ट लागली की मध्यरात्रीनंतर आतल्या गल्लीत रिक्षा मिळत नाही. उद्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, शेंद्र्याला बदली होईल असं वाटत असेल तर इकडे घर घेऊच नका, चिकलठाण्याच्या बाजूला बघा.

शांततेचं म्हणाल तर सकाळी आठनंतर कॉलनीत म्हातारी माणसं आणि शाळेत न जाणारी लेकरंच उरतात. चंपाषष्ठीला साताऱ्याच्या खंडोबाची यात्रा असते, तेव्हा तेवढी गर्दी आणि आवाज. एरवी रात्री पंख्याचाही आवाज ऐकू येतो. अडचणही ह्याच शांततेतून येते: टँकर येतो सकाळी अकराला आणि तेव्हा घराला कुलूप असतं. म्हणून हौद फाटकाच्या बाहेरून भरता आला पाहिजे. कंपाउंडच्या भिंतीत तीन इंची पाइप, बाहेर कुलपाचं झाकण, आत हौदाकडे उतार. हौदाला हवा जायला वेगळी नळी ठेवा, नाहीतर टँकरचा जोर आला की पाणी उलटं उसळतं आणि अर्धं रस्त्यावर जातं. रो-हाऊस बघायला गेलात की हे आधी बघा, मॉड्युलर किचन नंतर.

हौद केवढा? शहरी वापराचं सरकारी माप माणशी दिवसाला 135 लिटर आहे, म्हणजे चौघांना 540. जपून वापरलं तर 400 ते 450 मध्ये भागतं. 10 हजार लिटरचा हौद तीन आठवडे पुरतो. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर पाण्याची उंची धरली की तेवढं बसतं. बिल्डर तीन-साडेतीन हजार लिटरचा हौद देतो. त्यात पाच हजार लिटरचा टँकरसुद्धा रिकामा होत नाही आणि पैसे मात्र पूर्ण टँकरचे जातात.

आता बोअर. आमच्या कॉलनीत दर उन्हाळ्याच्या बैठकीत हाच वाद होतो. एक बाजू म्हणते, पाणाड्या (जमिनीतलं पाणी कुठं आहे ते सांगणारा) आणा, बोअर आणखी 200 फूट खाली न्या. मी दुसऱ्या बाजूचा आहे आणि इथं सविस्तर लिहितो, कारण बैठकीत कोणी पूर्ण ऐकून घेत नाही.

आपल्याकडे खाली बेसाल्टचा काळा दगड आहे, लाव्हाच्या थरांवर थर. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, दगडाच्या भेगांत आणि दोन थर जिथं जुळतात तिथं. अखंड काळ्या दगडात पाणी नसतं. जितकं खाली जाल तितक्या भेगा कमी आणि आवळलेल्या. 400 फुटांवर एखादी भेग लागली, इंच-दीड इंच पाणी आलं, की सगळे खूश होतात. पण त्या भेगेत पावसाचं पाणी पोचायला फार वेळ लागतो. एक-दोन उन्हाळे उपसलं की मोटर हवा घेते. शिवाय खोल बोअर वरच्या थरातलं पाणीही खाली खेचू शकतं, मग शेजारच्या विहिरी आटतात. राज्याचा 2009 चा भूजल कायदा 60 मीटरपेक्षा, म्हणजे जवळपास 200 फुटांपेक्षा, जास्त खोलीला 'खोल विहीर' धरतो, तो उगीच नाही. वर विजेचा खर्च: पाणी दुप्पट खोलीवरून उचलायचं तर तेवढ्याच पाण्याला जवळजवळ दुप्पट युनिट जळतात.

तेच पैसे छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला घाला. इथं वर्षाला साधारण 650 मिलिमीटर पाऊस धरा. 600 चौरस फुटांचं छत म्हणजे 56 चौरस मीटर. वीस टक्के वाया गेलं तरी 29 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. 24 घरांच्या कॉलनीत हेच सात लाख लिटरच्या आसपास जातं. आज ते सगळं रस्त्यावरून नाल्यात वाहतं आणि एप्रिलमध्ये तेच आपण टँकरवाल्याकडून विकत घेतो.

करायचं असं. छताचं पाणी चार इंची पीव्हीसीनं खाली आणा. पाइपला टी लावून दोन व्हॉल्व्ह ठेवा आणि हंगामातले पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडा, त्यात धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. बोअरपासून दहा-बारा फुटांवर पाच बाय पाच फुटांचा, सात-आठ फूट खोल खड्डा घ्या. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोदा. काळ्या मातीतच थांबलात तर ती फुगून बसते आणि पाणी आठ-आठ दिवस तुंबतं, डास होतात ते वेगळंच. भरताना तळाला मोठा दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर जाड वाळू. मिस्त्री हटकून उलटं करतात, वाळू तळाला टाकतात. मग गाळ खोल जाऊन बसतो आणि खड्डा दोन पावसाळ्यांत बंद पडतो. वाळू वर असली की मे महिन्यात वरची दोन-तीन इंच खरवडून बदलली, काम झालं. खड्डा भरला तर पाणी बाहेर जायला ओव्हरफ्लोचा पाइप हवाच.

केसिंगला, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातल्या पाइपला, भोकं पाडून पाणी थेट बोअरमध्ये सोडायची पद्धतही आहे. लवकर भरतं, पण गाळणी बिघडली की घाण सरळ पिण्याच्या पाण्यात, म्हणून मी त्याच्या विरोधात आहे. रस्त्याचं पाणी तर कुठल्याच खड्ड्यात घेऊ नका, त्यात गाड्यांचं ऑइल असतं.

बोअरचं पाणी जड असतं हे तुम्हाला माहीत असेलच. गिझर आणि सोलरच्या नळ्यांत क्षार बसतो, वर्षातून एकदा सायट्रिक अॅसिडनं धुऊन घ्या. पिण्यापुरता आरओ पुरे, त्याचं फेकलेलं पाणी फरशीला वापरा.

"महापालिकेची नवी योजना येतेय" असंही बिल्डर सांगेल. जायकवाडीहून येणारी वाहिनी कितीही मोठी असली तरी नळाला पाणी यायला जवळ जलकुंभ लागतो आणि तुमच्या गल्लीत वितरणाची पाइपलाइन लागते. गल्ली खोदलेली दिसत नसेल तर ते पाणी हिशोबात धरू नका.

कागदपत्रांत एनए (बिगरशेती) आदेश आणि मंजूर लेआउट मागा. नसेल तर गुंठेवारीचं (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या प्लॉटचं) नियमितीकरण प्रमाणपत्र. दोन्ही नसेल तर बघायलाही जाऊ नका.

दोन गोष्टी राहिल्या. वरचं सगळं रो-हाऊसला लागू आहे. फ्लॅटमध्ये हौद आणि बोअर सगळ्यांचा, तिथं टँकरचे पैसे घरटी वाटायचे की माणशी, हे सोसायटीनं लिहून ठेवलंय का ते विचारा. दुसरं, जिथं ड्रेनेज लाइन नाही तिथं प्रत्येक घराला सेप्टिक टँक असतो आणि त्याचं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं. बोअर आणि पुनर्भरणाचा खड्डा शोषखड्ड्यापासून किमान पन्नास फूट लांब आणि चढाच्या बाजूला हवा. छोट्या प्लॉटवर एवढं अंतर मिळत नसेल तर पाणी जमिनीत सोडू नका, छताचं पाणी गाळून सरळ हौदात घ्या आणि धुण्याभांड्याला वापरा. शेजाऱ्याचा शोषखड्डा कुठे आहे तेही विचारा, बिल्डरच्या नकाशात तो नसतो.