कोकणात घरच्या घरी कंपोस्ट कसं सुरू करावं?

परसातल्या खड्ड्यात कचरा टाकतो, पण पावसात घाण वास येतो, काय करावं, असं तुम्ही विचारलंय. कोकणात खड्डा नकोच. जुलैत तो पाण्याने भरतो, हवा खेळत नाही आणि कचरा सडतो, वास त्याचाच. त्यापेक्षा भोकं पाडलेला ड्रम चार चिऱ्यांवर ठेवा, पडवीत किंवा पत्र्याखाली.

तळाला नारळाची सोडणं घाला. मग भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा असा ओला कचरा एक भाग आणि त्यावर सुका पातेरा दोन-तीन भाग. आंब्या-फणसाची पानं जाड, ती चुरडूनच टाका. आणि कृपा करून पातेरा जाळू नका! मे महिन्यातच पोत्यांत भरून ठेवा, पावसाळ्यात सुकं पान शोधून मिळत नाही.

मूठभर मिश्रण दाबून बघा. एखाद-दुसरा थेंब सुटला तर ओल बरोबर, धार लागली तर पातेरा वाढवा. आठवड्यातून एकदा ढवळायचं. मूठभर शेण घातलंत तर लवकर कुजतं. साधारण तीन-चार महिन्यांत खत होतं.

मासळीची खवलं-आतडी ड्रमात नकोत, मांजरं उकरतात. ती माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरा.